पाठीवरचें घर

आमच्या घरांत कोणतीहि मोठी वस्तु सर्वांचा विचार घेतल्यावांचून विकत घेण्याची चाल नाहीं. न्हाणीघरांतला बंब जाऊन त्या जागीं गिझर आला, तेव्हां तीन दिवस वाद चालला होता. त्यामुळें गेल्या दिवाळीनंतर एके रात्रीं आमच्या पुतण्यानें तंबू घेण्याचा विषय काढला, तेव्हां पानें उचललीं गेलीं तरी माणसें जागचीं हललीं नाहींत.

चिरंजिवांचा बेत असा होता कीं, जानेवारींत तीन मित्रांसह उत्तराखंडांतील केदारकंठाच्या शिखरावर जावयाचें. उत्तरकाशी जिल्ह्यांतील सांकरी या गांवापासून ही वाट चढूं लागते आणि सुमारें १२,५०० फुटांवर संपते. त्या दिवसांत मुक्कामाच्या जागीं बर्फ असतो आणि रात्रीं पारा शून्याच्या बराच खालीं उतरतो. पुष्कळ लोक तेथें एखाद्या संस्थेबरोबर जातात व त्यांना तंबू आयते मिळतात. परंतु या चौघांना गांवांतला एक वाटाड्या घेऊन, आपला संसार आपल्याच पाठीवर वाहून न्यावयाचा होता.

तंबू त्यानें पाहूनहि ठेविला होता. दोघांना पुरणारा, आणि वजन अवघें नऊशें ग्रॅम! कापड इतकें तलम कीं त्यामागें धरलेला हात दिसावा. त्याला स्वतःच्या दांड्या नाहींत. चालण्याच्या काठ्यांवरच तो उभा करावयाचा. आंतला पडदा सारा मच्छरदाणीसारख्या जाळीचा. किंमत ऐकून दादांनीं चष्मा काढून पुसला. वहिनींनीं मात्र एकच प्रश्न विचारला, “भावोजी, एवढ्याशा कापडाच्या भरंवशावर मुलांना पाठवावें का हो?” आणि सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें, कारण तरुणपणीं डोंगर पायांखालीं घालणारे घरांत काय ते आम्हीच.

आम्हीं एकदम ‘नको’ म्हटलें नाहीं. हलकेपणा हा कांहीं अवगुण नव्हे. कॉलेजच्या दिवसांत आम्हीं हरिश्चंद्रगडावर कॅन्व्हासची एक राहुटी नेली होती. ती दवानें भिजून अशी जड झाली कीं, परततांना खिरेश्वराला पोहोंचेपर्यंत दोघांचे खांदे सोलून निघाले. ओझ्यानें थकलेला माणूस अडखळतो, उशिरा पोहोंचतो, अंधारांत चुकतो. तेव्हां हलकें सामान हेंहि एक प्रकारचें संरक्षणच होय. सह्याद्रीवरच्या डिसेंबरांतल्या कोरड्या रात्रीसाठीं चिरंजिवांचा तंबू आम्हींहि आनंदानें पसंत केला असता.

पण बर्फाचा न्याय निराळा आहे. पाऊस कापडावरून ओघळून जातो. बर्फ सांचत राहतो. त्याचा भार पेलावयाचा तर दांड्या एकमेकींना दोन-तीन ठिकाणीं छेद देणाऱ्या हव्यात आणि छत उतरतें हवें. वाऱ्याबरोबर बर्फाची भुकटी उडते, ती बाहेरच्या कापडाखालून शिरून जाळींतून थेट अंथरुणावर येते. म्हणून आंतला पडदा बहुतांशीं कापडाचा असावा. नायलॉन ओलें झालें कीं सैल पडतें. पॉलिएस्टर त्या मानानें ताठ राहतें. दांड्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात, कारण फायबरग्लासच्या दांड्या कडक थंडींत ताण येतांच फुटतात. नेहमींच्या खुंट्या भुसभुशीत बर्फांत धरत नाहींत. तेथें बर्फानें भरलेली पिशवी किंवा काठी आडवी पुरून, वरून तुडवून, मग तिला तणावा बांधावा लागतो.

इतकें सांगितल्यावर पुतण्या हंसून म्हणाला, “काका, हें सगळें पुस्तकांत असतें. एखादी रात्र कशीहि निभते.”

त्यावर आम्हांस एक जुनी गोष्ट सांगावी लागली. डिसेंबर १९९६ मध्यें आम्ही एका मित्रासह कुमाऊंत गेलों होतों. त्याच्याकडे ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा, दुहेरी कापडाचा एक जुना जड तंबू होता. ‘दीड किलो वाचेल’ असें म्हणून तो घरीं ठेवावयास लावला तो आम्हीं, आणि उन्हाळी सहलीसाठीं केलेला हलका तंबू घेतला तोहि आम्हींच. दुसऱ्या रात्रीं ओला बर्फ पडूं लागला. दोनच्या सुमारास दांडी मोडली, तिच्या टोकानें कापड फाटलें आणि छत तोंडावर आलें. तुटलेलें टोंक हातानें वर धरून बसण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आम्हीं पाळ्या ठरविल्या. पहिली पाळी त्याची होती. आम्हांस झोंप लागली, आणि त्यानें आम्हांस उठविलें नाहीं.

उजाडलें तेव्हां त्याचा हातमोजा भिजून गोठला होता आणि उजव्या हाताचीं बोटें मेणासारखीं पांढरीं पडलीं होतीं. पुढें तर्जनी व मधलें बोट यांचीं शेवटचीं पेरें काढावीं लागलीं. आजहि तो सही करतो तेव्हां लेखणी अंगठा आणि अनामिका यांमध्यें धरतो. घरीं आम्हीं इतकेंच सांगितलें होतें कीं, त्याला हिमदंश झाला. तंबू कोणीं निवडला आणि झोंपी कोण गेलें, हें अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कोणालाच सांगितलें नव्हतें. जें दीड किलो ओझें आम्हीं वांचविलें म्हणून मिरविलें, तें नाहींसें झालें नव्हतें. तें त्याच्या बोटांवर पडलें होतें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्यानें मान खालीं घातली. त्याच मित्राच्या खांद्यावर बसून त्यानें लहानपणीं गणपतीची मिरवणूक पाहिली होती.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड यांचें १९२२ सालीं प्रसिद्ध झालेलें प्रवासवृत्त वाचावयास दिलें. जुलै १९११ मध्यें, अंटार्क्टिकांतील ऐन हिवाळ्यांत, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे सम्राट पेंग्विनचीं अंडीं आणण्यासाठीं केप क्रोझिअर येथें गेले होते. वाटेंत थंडी उणे साठ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोंचली होती. तेथें वादळानें त्यांचा तंबू उडवून नेला, आणि ज्या दगडी खोपटांत ते होते त्याचें कापडी छतहि फाटून गेलें. तंबू गेला म्हणजे परतीची वाट मिटली, हें तिघांनाहि कळत होतें. वादळ ओसरल्यावर तो तंबू सुमारें अर्ध्या मैलावर उताराखालीं सांपडला, म्हणून ते जिवंत परतले. त्यानंतर बॉवर्स यांनीं तंबूची दोरी स्वतःला बांधून घेतली. तो उडालाच तर आपणहि त्याच्याबरोबर जावें, असा त्यांचा हिशेब! त्या माणसांनीं तंबूची किंमत वजनांत केली नव्हती.

मग आमच्या गच्चीवर परीक्षा झाली. पुतण्यानें मित्रांकडून दोन तऱ्हांचे तंबू मागून आणिले. रात्रीं दिवे मालवून, हातांत जाड लोकरी हातमोजे घालून ते उभे करावयाचे, अशी आमची अट होती. काठ्यांवरचा हलका तंबू चारहि बाजूंनीं ताणल्यावांचून उभाच राहीना. एक दोरी सुटली कीं सारा बसे. दुसरा, स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा, कांहीं मिनिटांत सिद्ध झाला. दादांनीं दोहोंवर बादलीभर पाणी ओतून आपलाहि हातभार लावला. दोघे मुलगे रात्रभर सर्व झडपा बंद करून आंत झोंपले, तों सकाळीं पुण्याच्या थंडींतहि कापड आंतून ओलें! माणसाच्या श्वासांतली वाफच ती. बर्फांत तीच गोठून पहांटे अंगावर झडते व पांघरूण भिजविते. म्हणून थंडी कितीहि असली तरी वरची झडप उघडी ठेवावी, हें त्यांना न सांगतां समजलें.

आमच्या मातोश्री जिन्याच्या दारांत बसून सर्व पाहत होत्या. त्यांनीं विचारलें, “आंत शेगडी पेटवणार का रे?” पुतण्या म्हणाला, “आजी, चहापुरता स्टोव्ह लावूं.” त्या म्हणाल्या, “मुळींच नाहीं. बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत.” कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि आगीची भीति वेगळीच. या विषयांत मातोश्रींच्या वाक्यापुढें आम्हांस भर घालण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

अखेर निवड झाली ती अडीच किलोंच्या, दुहेरी कापडाच्या, ॲल्युमिनियमच्या दांड्यांच्या तंबूची. चौघांना मिळून दोन. एकानें दांड्या घ्याव्यात, दुसऱ्यानें कापड. पहिल्या तंबूशीं ताडून पाहतां माणशीं आठशें ग्रॅमच वाढत होते. ते कोठून काढावेत, यावर पुन्हां सभा भरली. जाड जीन्स, कॅमेऱ्याचें दुसरें भिंग आणि एक जादा बुटांचा जोड बाहेर निघाला. वहिनींचा लाडवांचा डबा मात्र कोणालाहि काढवला नाहीं. जमिनीची थंडी अडविणारी मॅट पुतण्या कापून अर्धी करणार होता, तीहि आम्हीं अखंड ठेवावयास लावली. कारण अंगाखालचा गारठा तंबू अडवीत नाहीं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं आमचा मित्र मुलांना भेटावयास आला. पुतण्यानें त्याच्या हातांत तंबूची पिशवी दिली. त्यानें ती उरलेल्या बोटांनीं जोखून पाहिली आणि म्हणाला, “थोडी जड आहे. छान आहे.” मग आमच्याकडे वळून तो हळूच म्हणाला, “त्या रात्रीं तुला उठवावयाचें राहून गेलें, एवढेंच.”

मुलें सुखरूप परतलीं. दुसऱ्या मुक्कामीं वीतभर बर्फ पडला; रात्रींतून दोनदां उठून त्यांनीं तो आंतून हातानें थोपटून झाडला, आणि उठण्याच्या पाळ्या दोघांनींहि पाळल्या, असें पुतण्यानें आवर्जून सांगितलें. सध्यां तो तंबू आमच्या गच्चीवर गोधड्यांशेजारीं उन्हांत वाळत पडला आहे. ओला गुंडाळून ठेवला तर त्याला बुरशी येते.