सोनपेठाहून समुद्राकडे : पहिल्या शिडाच्या नावेची निवड

आमचें सोनपेठ परभणी जिल्ह्यांत वाण नदीच्या काठीं वसलेलें आहे. ही वाण परळीकडून येते व गांवापुढें थोड्या अंतरावर गोदावरीस मिळते. पश्चिमेचा समुद्र येथून सरळ रेषेनें मोजला तरी पावणेचारशें किलोमीटरांच्या घरांत आहे; आणि नवल असें कीं, आमच्या नदीचें पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वसमुद्राची वाट धरतें. खुद्द गोदावरी त्र्यंबकेश्वरीं, म्हणजे पश्चिम किनाऱ्यापासून अवघ्या 80 किलोमीटरांवर जन्मते, आणि तरी 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. अशा गांवच्या एका एकत्र कुटुंबांत 'समुद्रावर चालविण्यासाठीं पहिली शिडाची नाव कोणती घ्यावी' हा प्रश्न निघावा, याचें वाचकांस हसूं येईल. आम्हांसही प्रथम तें आलें.

प्रश्न काढला आमच्या धाकट्या पुतण्यानें. तो मुंबईस नोकरीस असून गेलीं तीन वर्षें रविवारीं शीड चालविण्यास शिकत आहे. दोघा मित्रांच्या भागीदारींत एक लहानशी नाव घ्यावी, हिवाळ्यांत शर्यतींत उतरावें आणि सुट्टींत किनाऱ्यानें अलिबागपर्यंत फिरून यावें, असा त्याचा मनोदय. त्याच्या वांट्याची रक्कम घरच्या सामाईक ठेवींतून द्यावयाची, म्हणजे सर्वांची संमति हवी. पैशाचें एक वेळ जमलें असतें. अडचण दुसरीच होती. आमचे थोरले काका तरुणपणीं संगमाजवळच्या उतारावर नाव उलटून गोदावरीच्या पुरांत गेले. तेव्हांपासून आमच्या घरचें मूल नावेंत पाऊल ठेवीत नाहीं. मातुःश्रींनीं हा नेम साठ वर्षें पाळला व सर्वांकडून पाळविला. त्यांनीं पुतण्याचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "आधीं मला ती नाव दाखवा."

म्हणून गेल्या माघांत मातुःश्रींस घेऊन आम्ही परभणीस आलों व रात्रीच्या गाडीनें मुंबईस निघालों. दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं अपोलो बंदरावर उभे राहिलों, तेव्हां वायव्येचा समुद्रवारा नुकताच सुटला होता आणि दूर पाण्यावर दहा-बारा पांढरीं शिडें एकाच दिशेनें कललेलीं दिसत होतीं. शिडाच्या शर्यतींचा हा शोक येथें आजचा नव्हे. बंदरासमोरचा रॉयल बाँबे यॉट क्लब 1846 सालचा आहे. 1982 च्या आशियाई क्रीडासामन्यांतील नौकांच्या शर्यतीही याच शहरीं झाल्या व त्यांत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनीं 'फायरबॉल' जातीच्या नावेंत सुवर्णपदक मिळविलें.

पुतण्यानें आम्हांस नावांच्या तीन जाती समजावून दिल्या. त्या येथें सांगणें अवश्य आहे. कारण घरोघरीं असा प्रश्न येत नसला, तरी पहिली मोठी खरेदी सर्वांच्याच घरीं येते.

पहिली जात उघड्या हलक्या होड्यांची. जॅक होल्ट यांनीं 1949 सालीं आंखलेली 'जीपी चौदा' ही त्यांतली नामांकित. लांबी 14 फूट. तळांतून खालीं सोडतां येणारी व वर ओढतां येणारी एक फळी. आणि तोल राखावयाचा तो बसणाऱ्यांनीं स्वतःच्या अंगभारानें. ही स्वस्त, गाड्यावर घालून नेतां येणारी, शर्यतीस उत्तम व शिकण्यास त्याहून उत्तम. उलटली तरी ती तरंगते; दोघांनीं फळीवर उभें राहून तिला पुन्हां सरळ करावयाचें. परंतु हिच्यांत निजण्यास जागा नाहीं, आणि उघड्या समुद्रावर दिवस मावळल्यावर हिचा भरंवसा धरतां येत नाहीं.

दुसरी जात जड, लांब कण्याच्या प्रवासी नावांची. हिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना मुंबईंतच घडला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं येथें असतांना मित्रांसमवेत आपली पहिली नाव बांधविली. विल्यम ॲट्किन यांचा जुना आराखडा, अस्सल सागवान, 32 फूट लांबी, आणि मुंबईच्या सुतारांनीं हातहत्यारांनीं केलेलें काम. 1964 च्या अखेरीस ती पाण्यांत उतरली. नांव ठेविलें 'सुहेली'. दिसावयास ती ठेंगणी, चालीस मंद. तथापि 14 जून 1968 रोजीं इंग्लंडांतील फालमथहून निघून 22 एप्रिल 1969 रोजीं ती एकट्या नॉक्स-जॉन्स्टनांस घेऊन, कोठेंही न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. असें पूर्वीं कोणींच केलें नव्हतें. त्या शर्यतींत निघालेल्या नऊ जणांपैकीं तेवढेच शेवटास पोंचले. दक्षिण समुद्रांत एका लाटेनें 'सुहेली' आडवी पाडली, वरची केबिन जागची हलली. परंतु नाव पुन्हां उभी राहिली.

तिसरी जात या दोहोंच्या मधली. रॉड जॉन्स्टन या अमेरिकन गृहस्थांनीं आंखलेली व 1977 पासून कारखान्यांत बनूं लागलेली 'जे चोवीस' हें तिचें उदाहरण. लांबी 24 फूट, काचतंतूची बांधणी, पाण्यांत सुमारे 4 फूट खोल जाणारा पक्का कणा, आणि सुमारे 1400 किलो वजनापैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा नीरम, म्हणजे तळाचा भार. या जातीच्या सर्व नावा एकाच मापाच्या असल्यामुळें शर्यतींत परीक्षा होते ती चालविणाराच्या हाताची, पिशवीची नव्हे. आंत वांकून शिरावें लागतें, पण दोघांस रात्र काढतां येते.

पुतण्याचें मन अर्थातच वेगाकडे होतें; त्याच्या एका मित्राचें ऐसपैस जागेकडे. एक म्हणे, शर्यत हरावयाची तर नाव कशास? दुसरा म्हणे, निजावयास नाहीं तर प्रवास कसला? मातुःश्री हें सारें ऐकत धक्क्याच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारीं एक वयस्क कोळी तांडेल दोर गुंडाळीत होता. त्यास त्यांनीं विचारलें, "बाबा, यांतली कोणती नाव उलटली तर आपली आपण वर येते?"

तांडेलानें मान वर केली. "आजी, जिच्या पोटाखालीं शिसें ती येते. आडवी पडेल, पण पालथी राहायची नाय. मात्र झांकणं बंद ठेवा. आंत पाणी शिरलं, मग शिसंच तिला तळाला नेतं."

आम्हांस वाटतें, दोन तास चाललेल्या वादांत एवढाच प्रश्न खरा होता. उघडी होडी उलटली तर तिला माणसांनीं वांचवावयाचें. भाराची नाव उलटली तर तिनें माणसांस. किनाऱ्याजवळ शिकतांना पहिली चालेल, पण अलिबागेकडे जावयाचें तर दुसरीच हवी. 'सुहेली'सारखी जड नाव सुरक्षित खरी. परंतु तिचीं लांकडें, दोर, रंग व पावसाळ्यांतील जागा यांचा वार्षिक खर्च तिघा पगारदारांस झेपण्याजोगा नाहीं. राहिली मधली.

दुसऱ्या दिवशीं तशीच एक जुनी नाव पाहावयास गेलों. रंग ताजा, शिडें धुतलेलीं, किंमत बेताची. मुलें हरखून गेलीं. तांडेलास आम्हीं मुद्दाम बरोबर नेलें होतें. त्यानें लांकडी हातोडीनें जागोजाग ठोकून पाहिलें, कण्याच्या बोल्टांचा गंज पाहिला, डोलकाठीच्या तारांवरून चिंधी फिरविली. ती एके ठिकाणीं तुटक्या धाग्यास अडकली. मग वरच्या फळीवर पाय दाबला, तों ती दबली. आंतलें लांकूड कुजलें होतें. आम्ही नमस्कार करून परत आलों. ताज्या रंगास भुलूं नये, हें आम्ही लग्नकार्यांत व घरखरेदींत शिकलों होतों. तेंच येथेंही लागू पडलें.

महिन्याभरानें दुसरी मिळाली. हिचा रंग विटलेला, पण आंग धड. मातुःश्रींनीं रक्कम देण्यास संमति दिली ती तीन अटींवर : तरंगतें जाकीट घातल्याशिवाय नांगर उचलावयाचा नाहीं, पावसाळा लागण्यापूर्वीं नाव जमिनीवर, ती नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यांत, आणि एकट्यानें कधींही जावयाचें नाहीं.

तिसरी अट पुतण्यास रुचली नाहीं. त्यानें गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनीं बांधलेल्या 'म्हादेई'चा दाखला दिला. तिच्यांतून दिलीप दोंदे यांनीं ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळांत एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, व पुढें 2012-13 मध्यें अभिलाष टॉमी यांनीं तीच वाटेंत न थांबतां केली. मातुःश्री म्हणाल्या, "ते गेले, तेव्हां त्यांची तयारी झाली होती. तुझी झाली कीं मला सांग. त्या नावेचें नांव मात्र आवडलें. कशावरून ठेवलें?"

"नदीवरून, आजी. मांडवीचें जुनें नांव म्हादेई."

त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, "मग हिचें 'वाण' ठेवा. आपली नदीही झाली, आणि संक्रांतीला आपण देतों तेंही झालें."

चैत्रांत आम्ही पुन्हां मुंबईस गेलों. मातुःश्रींनीं नाळेवर नारळ वाढविला, हळदकुंकू वाहिलें, आणि कोणी न म्हणतां जाकिटासाठीं हात पुढें केला. बंदरांतल्या बंदरांत अर्धा तास त्या नावेंत बसल्या होत्या. वाऱ्यानें नाव कलली तेव्हां त्यांनीं पुतण्याचा दंड घट्ट धरला. ती पुन्हां सरळ झाली, तेव्हां सोडला. उतरल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "काकांच्या नावेखालीं शिसें नव्हतें, नाहीं का?" आम्हीं नाहीं म्हटलें.

सोनपेठास परतल्यावर त्या संगमावर गेल्या व साठ वर्षांनीं प्रथमच गोदावरींत दिवा सोडून आल्या.