बंद गाडीस खिडकी

घर बांधताना खिडकीची जागा आधी ठरते व भिंत मागाहून तिच्याभोवती उभी राहते. परंतु जी भिंत अगोदरच उभी आहे, धड आहे, पाऊसवाऱ्यास दाद देत नाही, तिला आपल्या हातांनी भोक पाडावयाचे ही गोष्ट निराळी. तेथे हात क्षणभर थांबतो, आणि तो थांबावा हेच योग्य. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेतील ओहायो राज्यात ताईकडे राहिलो असता अशा कामात हात घालण्याचा योग आला. ती हकीकत विद्यार्थ्यांस, व कदाचित त्यांच्या वडीलमंडळींसही, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे.

त्या देशात मोटारीच्या मागे आकड्याने जोडून ओढून न्यावयाच्या बंद गाड्या पुष्कळ दिसतात. त्यांस ट्रेलर म्हणतात. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवुडचे अस्तर व मागे दार, एवढीच त्यांची रचना. त्या मालासाठी केलेल्या असतात, व मालास श्वास घ्यावयाचा नसतो. म्हणून त्यांस बहुधा खिडकी नसते. तथापि अनेक कारागीर अशी गाडी घेऊन तिचाच फिरता कारखाना व निजावयाची खोली करतात. राहण्याची ॲल्युमिनियमची गाडी ही कल्पना तेथे जुनी आहे. एअरस्ट्रीम कंपनीची 'क्लिपर' ही गाडी 1936 सालीच रस्त्यावर आली होती.

माझ्या भाच्याने असाच एक जुना, बारा फूट लांबीचा ट्रेलर विकत घेतला होता. कॉलेजचा अभ्यास दोन वर्षांनी सोडून त्याने सुतारकाम पत्करले. गावोगाव कामे घ्यावी व रात्री गाडीतच निजावे, असा त्याचा बेत. भावोजींस हे मुळीच रुचले नव्हते. मी गेलो तेव्हा बापलेकांत जेवणाच्या वेळेपुरतेच काय ते भाषण होत असे. ताईची काळजी निराळी. ती पेशाने परिचारिका. मला म्हणाली, "त्याने काय शिकावे हे मी आता सांगत नाही. पण त्या पेटीत दार लावून तो निजणार, या विचाराने मला झोप येत नाही. तू आलाच आहेस, तर दोघे मिळून आधी तिला खिडक्या करा."

तिची भीती अनाठायी नव्हती. बंद गाडीत निजणाऱ्याच्या श्वासातील वाफ थंड पत्र्यावर धरते व तिचे पाणी होऊन लाकूड कुजते. आत शेगडी पेटविली तर त्याहून मोठे संकट. कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाही व वासही नाही. खिडकी असली तरी पेटती शेगडी ठेवून निजू नये, व सूचना देणारे यंत्र लावावे, हे तिने भाच्याकडून आधीच कबूल करून घेतले होते.

अशा गाड्यांसाठी तयार खिडकी मिळते. तिचे भाग दोन: बाहेरून बसणारी काचेची चौकट व आतून बसणारे कडे. स्क्रू आवळले म्हणजे दोहोंमध्ये भिंत चिमट्यात धरावी तशी धरली जाते. भाच्याने प्रथम लोहचुंबक फिरवून आतील पोलादी खांब शोधले. ते 16 इंचांच्या अंतराने होते, म्हणून त्याने 12 इंच रुंदीच्या दोन खिडक्या आणल्या होत्या. एकही खांब कापावयाचा नव्हता. हवा आरपार वाहावी म्हणून त्या समोरासमोर बसवावयाच्या होत्या. मग आतील प्लायवुड कापून पोकळीत दिव्याची तार नाही याची खात्री करून घेतली, आणि कोपऱ्यांतून बारीक भोके बाहेर काढून त्यांवरून पत्र्यावर रेघा आखल्या. रंग खरवडू नये म्हणून कडेने कागदी चिकटपट्टी लावली.

यंत्राची करवत हातात घेऊन भाचा म्हणाला, "मामा, आता मागे येणे नाही." तेवढ्यात भावोजी घरातून बाहेर आले. त्यांनी न बोलता पाणसळ उचलली, रेघेवर धरली व म्हणाले, "उतरती आहे." भाच्याने शांतपणे उत्तर दिले, "बाबा, गाडीच उतारावर उभी आहे. खिडकी गाडीशी सरळ हवी, जमिनीशी नव्हे." भावोजींनी टेप घेतला. गाडीच्या खालच्या कडेपासून रेघेच्या दोन्ही टोकांपर्यंत मोजले. माप केसभरही चुकले नव्हते. पाणसळ खाली ठेवून ते म्हणाले, "बरोबर आहे. काप."

पत्रा कापल्यावर कडा कानशीने घासल्या व पत्रा आणि प्लायवुड यांमधील पोकळीत चारही बाजूंनी लाकडी पट्ट्या बसविल्या. हे न करता स्क्रू आवळले तर भिंत आत चेपते. जेथून काही काढून घेतले, तेथे आधारही दिला पाहिजे. मग चौकटीच्या काठास ब्यूटिल रबराची मऊ पट्टी लावली. हे रबर 1937 साली अमेरिकेतच शोधून काढण्यात आले. ते येथे का लागते, याचे उत्तर आमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. बारा फूट ॲल्युमिनियम 40 अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. पोलाद त्याच्या निम्म्याच्या जवळपास. भिंतीचे भाग असे कमीअधिक सरकत असता कठीण लांबी तडकते, मऊ रबर त्यांजबरोबर सरकते.

खिडकी बसविण्यास दोन माणसे लागतात, एक बाहेर व एक आत. मी बाहेर धरावयास पुढे झालो, तो भावोजी म्हणाले, "तुम्ही राहू द्या, मी धरतो." आतून भाचा समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळीत होता. "बाबा, वरून दाबा." "दाबले. डावीकडे आणखी घे." "पुरे?" "पुरे." एका पत्र्याच्या दोन बाजूंनी ते अर्धा तास बोलत होते, आणि ताई दारात उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा आवळून नळीने पाणी मारले. खालून आरंभ करून वर, म्हणजे गळती कोठे आहे ते नेमके कळते. आत थेंबही आला नाही. भावोजींचे मत पूर्णपणे पालटले असे मी म्हणणार नाही. पदवी राहिली याची खंत त्यांस आजही आहे. परंतु समोरची खिडकी बसविण्याच्या वेळी त्यांनी मुलास विचारले, "आता मी काय करू?"

विद्यार्थिमित्रहो, मोजणे संपल्यावाचून करवत हाती घेऊ नका. आणि वडीलमंडळींस एवढीच विनंती, की मुलाच्या कामास आपली पाणसळ लावण्यापूर्वी ते काम कशाशी सरळ असावयाचे आहे, हे एकवार त्यास विचारावे.