वैशाखातील मेळघाट

परतवाडा मागे टाकून मोटार घाटाला लागली तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते. परंतु वाऱ्याला भट्टीची धग आली होती. वैशाखात मेळघाटास कोण जातो, असे घरच्या मंडळींनी विचारले होतेच. दुतर्फा सागाचे उघडे खांब, खाली वाळल्या पानांचा खच. अरण्य मेले की काय, असे आमच्या तोंडून निघाले. सोबतच्या कोरकू वाटाड्याने काही न बोलता एका कोवळ्या सागाची साल नखाने खरवडली. आत हिरवी ओल होती.

सेमाडोहास सिपना नदीचे पाणी डोहांपुरतेच उरले होते, पण काठचे अर्जुनवृक्ष हिरवेगार. त्यांच्याखाली शिरताच जीव निवला. हे केवळ सावलीचे काम नव्हे. माठ पाझरतो म्हणून गार राहतो. पानही आपल्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी सोडते, आणि १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. संस्कृतात वृक्षाला पादप, म्हणजे पायांनी पिणारा, म्हणतात. अर्जुनाचे पाय ओलीत, म्हणून डोके थंड.

टेकडीवरच्या सागाला ते भाग्य कोठून? भूमीतील ओल आटली की झाड रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते खरे, परंतु घाम थांबताच पान भोवतालच्या हवेहूनही अधिक तापते. त्यात सागाचे पान सुपाएवढे. खैराची इवली पाने वाऱ्याने चटकन निवतात, तशी सोय त्याला नाही. उष्ण कटिबंधातील वृक्षांच्या पानांत अन्न तयार करणारी यंत्रणा सरासरी ४६.७ अंश सेल्सिअसच्या सुमारास ढासळू लागते. अंतराळ स्थानकावरील उपकरणाने अरण्यांच्या माथ्याचे तापमान मोजले गेले. काही थोडी पाने आताच ही सीमा ओलांडतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. पान निववावे तर पाणी जाते, पाणी राखावे तर पान भाजते. साग हा पेच पानच टाकून सोडवितो! झळ मग भुईला सोसावी लागते. ऊन थेट खाली उतरते आणि त्याच पाचोळ्यावर वणवा धावतो.

परतताना आम्ही फारसे बोललो नाही. तीन वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या परसातील साग वाळला असे ठरवून आम्ही तो तोडविला होता. मृगापर्यंत वाट पाहावी, असे सूनबाई म्हणत होती. कुऱ्हाडीच्या दुसऱ्याच घावाला आतले लाकूड ओले दिसले होते.