बकेट खाली, मग डिपस्टिक

म्हैसूरला एनसीसी बटालियनवर पोस्टिंग आली तेव्हा वाटलं, चला, आता दोन-तीन वर्षं हाताला ग्रीस लागणार नाही. मी बॉम्बे सॅपर्सचा, खडकीला ट्रेनिंग झालेला मशीन ऑपरेटर. निम्मी नोकरी डोझर आणि लोडरच्या सीटवर गेली. इथे काम कॅडेट मुलांना ड्रिल आणि रायफल शिकवायचं. हवा उत्तम, रस्ते स्वच्छ, दसऱ्याच्या आधी गावात सरावाला फिरणारे हत्ती. घरचे म्हणाले, यंदा नशीब उघडलं तुझं.

पण ट्रेड माणसाला सोडत नाही. कँटीनमध्ये एका रिटायर्ड सुभेदार साहेबांशी ओळख झाली. साहेब मूळचे कोडगूचे, म्हणजे करिअप्पा आणि थिमय्यांच्या जिल्ह्यातले. आता हुणसूर रोडला त्यांची थोडी शेती आहे. नारळ, नाचणी, चार गाई. एका शनिवारी रात्री त्यांचा फोन आला. "हवालदार साब, कल छुट्टी है ना? ज़रा मेरा ट्रॅक्टर देख लो. लोडर थरथर करता है."

रविवारी सकाळी पोहोचलो. ट्रॅक्टर छोटा, २५-३० हॉर्सपॉवरचा, पुढे लोडर बसवलेला. शेणखत भरायला आणि नारळाच्या झावळ्या उचलायला साहेबांनी घेतला होता. गोठ्यासमोरची वाट मोकळी राहावी म्हणून बकेट कायम वर उचलून, खाली लाकडाचा ठोकळा लावून ठेवायची तिथे पद्धत होती.

त्या उचललेल्या बकेटखाली त्यांचा ड्रायव्हर उकिडवा बसला होता. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं. साहेब त्याला 'तम्मा' म्हणतात, कानडीत धाकटा भाऊ. इंजिन चालू होतं आणि हा उघड्या हाताने होस पाइप चाचपत होता, तेल कुठून गळतंय ते शोधायला.

मी ओरडलो. परेड ग्राउंडवरसुद्धा इतक्या जोरात ओरडलो नसेन. पोरगं दचकून बाहेर आलं. आधी इंजिन बंद केलं, मग त्याचा हात उजेडात धरून बोटं एकेक करून पाहिली. नुसतं तेल लागलं होतं. साहेब गप्प उभे राहून बघत होते. हा इतका का चिडला, हे त्यांना कळेना. तेव्हा त्यांना लडाखची गोष्ट सांगितली.

लडाखला आमच्या डोझरचा एक होस घाम आल्यासारखा ओला दिसत होता. माझ्या जोडीदाराने हातमोजा काढून त्यावरून बोट फिरवलं. सुई टोचल्यासारखं झालं म्हणाला. एक बारीक ठिपका, रक्तसुद्धा नाही. आम्ही हसलो, चहा प्यायलो. संध्याकाळपर्यंत पंजा सुजून काळानिळा झाला. रस्ता बर्फाने बंद होता. हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. बोट काढावं लागलं.

अशा छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरमध्येही साधारण १५० बार दाब असतो, कारच्या टायरमधल्या दाबाच्या ७० पट. बारीक छिद्रातून निघालेली धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत घुसते आणि तेल आत पसरतं. वरून काहीच दिसत नाही, म्हणून माणूस घरी बसतो. खरं तर त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याने. हाताने कधीच नाही.

मग ट्रॅक्टरकडे वळलो. होस सगळे कोरडे. तेल ब्रीदरमधून येत होतं आणि डिपस्टिकवर फेसच फेस. तम्माला विचारलं, ऑइल कधी चेक करतोस? म्हणाला, रोज सकाळी, बाहेर काढायच्या आधी. म्हणजे बकेट वर असताना. सगळा घोळ तिथेच होता.

बकेट वर असते तेव्हा सिलिंडरचे रॉड बाहेर आलेले असतात आणि त्यांनी सोडलेली जागा तेलाने भरलेली असते. हिशोब सोपा आहे. ३० मिलीमीटरचा रॉड अर्धा मीटर बाहेर आला, तर एका सिलिंडरमागे सुमारे ३५० मिली तेल जादा लागतं. उचलणारे सिलिंडर दोन, बकेट वळवणारे आणखी दोन. एक लिटरभर तेल तिथेच वर अडकलेलं. डिपस्टिक कमी दाखवणारच! पोराने इमानदारीने वर तेल ओतलं. बकेट खाली आली की ते सगळं परत टाकीत. पातळी खुणेच्या वर.

या ट्रॅक्टरमध्ये गिअर, ऑइल ब्रेक आणि हायड्रॉलिक्स या सगळ्यांना एकच तेल. जादा तेल गिअर घुसळतात, ताक घुसळल्यासारखं. त्यात हवा मिसळते आणि लोडर थरथरतो. उरलेलं ब्रीदरमधून बाहेर. ते पाहून यांना वाटलं गळती आहे, म्हणून आणखी तेल!

चहा घेताना साहेबांना म्हटलं, आमच्या खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये दरवाजे बसवले, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे. ट्रॅक्टरला तशी सोय नाही. साहेब हसले. केआरएस धरणामुळे विश्वेश्वरय्या इथे घरचेच.

सपाट जागेवर ट्रॅक्टर घेतला. लोडर दोन-तीन वेळा पूर्ण वर-खाली करून बकेट जमिनीवर टेकवली, सगळे रॉड आत घेतले, मागचे लिफ्टचे हातही खाली. इंजिन बंद करून लीव्हर हलवला आणि राहिलेला दाब सोडला. फेस बसायला वेळ दिला. मग डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली. ड्रेनमधून दीड लिटरच्या आसपास तेल काढलं तेव्हा पातळी दोन खुणांच्या मध्ये आली. रंग स्वच्छ होता. दुधाळ असता तर पाणी शिरलं म्हणून सगळं तेल बदलावं लागलं असतं. संध्याकाळी लोडर मुकाट खत उचलत होता.

साहेबांनी तम्माला काही बोलू नये म्हणून मीच म्हटलं, पोरगं आळशी नाही, रोज चेक करतं. फक्त कुठल्या स्थितीत बघायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं आपलं काम. लडाखला ते आम्हालाही कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझा जोडीदार आज पाच बोटांनी सॅल्यूट करत असता.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. लाकडाचा ठोकळा चुलीत गेला होता. बकेट जमिनीवर टेकलेली. गोठ्याच्या भिंतीवर तम्माने खडूने कानडीत पाच ओळी लिहिल्या होत्या आणि खाली खिळ्याला पुठ्ठ्याचा तुकडा टांगला होता. मला कानडी वाचता येत नाही. पुठ्ठा मात्र वाचता आला.

जय हिंद!