कोशेर पाहुणा आणि राजूरची चूल

अलिबाग

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

ताडोबाकडे निघालेला एखादा कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम, पाळणारा प्रवासी वाट वाकडी करून राजूरला आला, तर त्याला आपल्याकडे जेवता येईल का, असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर द्यायला हा किनारा फार योग्य आहे, कारण इथल्या मराठी घरांनी ते शेकडो वर्षं रोजच्या स्वयंपाकातून दिलं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. अशा पाहुण्याची अडचण आपल्या पदार्थांत फार थोडी असते. त्याला हवी असते खात्री, आणि ती देणारा यजमान स्वतः ज्यू असलाच पाहिजे असं नाही.

बेने इस्राईल या इथल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज इथून जवळच नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावं आणि मराठी ही घरची भाषा. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू या भागात आला. हे लोक खरोखर आपले का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली, आणि त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून बाकीचे बाजूला सारले, असं सांगतात. ही आख्यायिका आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. ग्रंथ हाताशी नव्हते, धर्मगुरू नव्हते, तरी धर्माची ओळख पटली ती मासळी निवडणाऱ्या बायकांच्या हातांवरून.

कोशेरचे नियम थोडक्यात असे. डुक्कर, उंट, ससा वर्ज्य. मासा पर आणि खवले असलेलाच, म्हणजे पापलेट, रोहू, कटला चालतील. कोळंबी, खेकडे, मुशी आणि आपल्या नदीतला मागूर चालणार नाही. मांस ठरलेल्या पद्धतीने, त्यासाठी तयार झालेल्या माणसाने कापलेलं आणि मीठ लावून रक्त काढलेलं हवं. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एका जेवणात खायचं नाही, त्यांची भांडीही वेगळी. यातला शेवटचा नियम उत्तरेकडच्या दही-मलईच्या रश्श्यांना अवघड जातो. कोकणातल्या ज्यू बायकांना तो जड गेला नाही, कारण दुधाच्या जागी नारळाचं दूध अंगणातच होतं. मटणाच्या रश्श्यात तेच आणि मटणानंतरच्या गोडातही तेच.

नव्या वर्षाच्या सणाला, रोश हशानाला, करतात तो चिकाचा हलवा पाहा. गहू भिजवून, वाटून, पिळून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. मग नारळाचं दूध आणि साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी धरते. मिश्रण कडा सोडू लागलं की ताटात थापून वर बदाम-पिस्त्याचे काप टोचायचे आणि वड्या पाडायच्या. काकू उन्हाळ्यात कुरडयांसाठी काढतात तोच हा चीक. त्यातून एका घरी वाळवण होतं आणि दुसऱ्या घरी हिब्रू प्रार्थनेनंतरचं पक्वान्न. कोशेर म्हणजे परक्या देशातून आणलेलं वेगळं जेवण, ही समजूत या ताटापुढे टिकत नाही.

आता आपलं ताट घ्या. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, भाजलेल्या वांग्याचं भरीत, जवसाची चटणी, शेंगदाणे. घटक म्हणून यात निषिद्ध काही नाही. वऱ्हाडी रश्श्यात खोबरं-खसखस असते, दूध नसतं. पण मटण वणीच्या बाजारातलं, म्हणून तो रस्सा बाद. बाकीचं ताट उरतं, आणि खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

मुंबई

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ताट शाकाहारी असेल तर पुन्हा शंका कशाची, हा तुमचा पहिला आक्षेप. शंका भांड्याची असते, कारण त्यात काल काय शिजलं हे पाहुण्याला ठाऊक नसतं. पालेभाजीतल्या अळीची असते, कारण कीटक निषिद्ध आहेत. चीजची असते, कारण ते विरजायला जनावराच्या जठरातला पदार्थ वापरलेला असू शकतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्याला बरंच सांगतो, सगळं नाही. उलट बाजूही लक्षात घ्या: परदेशी राहणारी आपली शाकाहारी मंडळी कोशेरचं चिन्ह पाहून निश्चिंत होतात, पण ‘दूध नाही, मांस नाही’ अशा कोशेर पदार्थात अंडं किंवा मासा असू शकतो. दोन्हीकडे उपाय एकच, पदार्थात काय आहे ते खरं आणि पूर्ण सांगणं.

मग बंद पाकिटातलं तयार अन्न बरोबर घेतलं की प्रश्नच संपला, असंही तुम्ही लिहिता. आठवड्याचे सहा दिवस संपतो. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ असतो, आणि त्यात त्याला विस्तव पेटवता येत नाही, वाहनात बसता येत नाही, पैसे हाताळता येत नाहीत. त्या वेळी त्याला माणसं लागतात, आणि तीही चालत जाण्याच्या अंतरावर. ज्यू समाजाची पाहुणचाराची रीत या गरजेतून घट्ट झाली आहे. म्हणून सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, हे प्रवाशासाठी जेवणाचं ठिकाणही होतं. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधलं. मस्जिद बंदर या नावातली मशीद तीच, असं सांगतात. फोर्टमधलं निळं केनेसेथ एलियाहू 1884 चं आणि लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं पुण्याचं सिनेगॉग 1867 चं. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे तरुण जोडपं प्रवाशांना कोशेर जेवण आणि शब्बाथला घर देत होतं. नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात दोघांनाही त्याच घरात मारलं गेलं. ज्यांचं काम अनोळखी माणसाला दार उघडणं हेच होतं, त्यांना त्या दारातून आलेल्यांनी मारलं. आता अशा ठिकाणी आधी कळवावं लागतं, ओळखपत्र दाखवावं लागतं, बाहेर पहारा असतो. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्या प्रवाशाने हे आठवावं. ती जागा पुन्हा उघडली, याचंच मोल मला मोठं वाटतं.

तुमचा तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. आपल्या हातचं न खाणं म्हणजे विटाळच नाही का, रोटीबंदीविरुद्ध लढलेल्या विदर्भाने ते का सोसावं? हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्यू शास्त्रात इतरांनी शिजवलेल्या काही अन्नावर बंधन आहे, आणि त्याचं एक कारण परक्यांशी सलगी वाढू नये हेच दिलं जातं. बेने इस्राईलांतही गोरे आणि काळे असा भेद होता, आणि तो जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचला होता. पुढे इस्राएलला गेल्यावर याच समाजाच्या ज्यूपणावर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली. आंदोलनं झाली आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. म्हणजे शुद्धतेचा नियम माणसाला दूर ठेवायला वापरता येतो, हे खरंच आहे.

तरीही फरक उरतो. विटाळात माणूस जन्माने अपवित्र ठरतो आणि त्याच्या स्पर्शाने पाणी बाटतं. त्यावर उपाय नसतो. इथे तुम्ही दिलेलं केळं, फोडलेला नारळ, विहिरीचं पाणी तो घेतो आणि तुमच्या शेजारी बसून खातो. शिजवण्याच्या बंधनालाही वाट आहे: युरोपीय ज्यूंच्या परंपरेत विस्तव त्याने स्वतः पेटवला तर बाकीचा स्वयंपाक काकूंनी केलेला चालतो. अपमान करण्यासाठी केलेल्या नियमात अशी सोय ठेवलेली नसते. विटाळ मानणारा आपल्याला त्याच्या चुलीपाशी येऊ देत नाही, आणि हा पाहुणा तर आपल्या चुलीपाशी येऊन काडी ओढायला तयार असतो.

तेव्हा एक कोरं पातेलं, एक कोरा तवा आणि नवा चाकू बाजूला काढून ठेवा. वांगी-बटाटे आणि सालीची फळं चिरू नका, त्याच्यासमोर ठेवा. तेलाचा डबा सीलबंद असू द्या. पालेभाजी त्या दिवशी नकोच. चूल त्याला पेटवू द्या, आणि काय घातलं हे विचारण्याआधी सांगा. शुक्रवार असेल तर सूर्य मावळण्याआधी स्वयंपाक उरकायला हवा, आणि शनिवारी रात्रीपर्यंत त्याला खोली लागेल. त्या खोलीतला दिवा आधीच लावून ठेवा आणि रात्री कुणी बटण बंद करू नका, कारण अंधार झाला तरी तो लावायला त्याला सांगता येणार नाही.