मेंढ्यांचं काय भलं होणार?

फिनिक्सहून पहाटे निघताना माझी आतेबहीण म्हणाली, "ताई, तू तिथे पहिल्यांदाच जातेयस असं तुला वाटणारच नाही बघ!" मी हसण्यावारी नेलं. पण पाचशेएक किलोमीटरचा प्रवास झाला, कायेंटा गाव मागे पडलं आणि तांबड्या वाळवंटातून ते सुळके एकदम वर आले. दोन सुळके तर थेट हातमोज्यांसारखे, एक अंगठा बाजूला काढलेले. मी ओरडलेच, "अगं, हे तर सिनेमातलं!"

हीच मॉन्युमेंट व्हॅली. ॲरिझोना आणि युटा या दोन अमेरिकी राज्यांच्या सीमेवर पसरलेली. काही सुळके तर तीनशे मीटरपर्यंत उंच. खाली लाल माती, खुरटी झुडपं आणि वर निळंशार आभाळ. हा मुलूख नवाहो लोकांचा आहे. ते स्वतःला 'दिने' म्हणवतात, म्हणजे माणसं. १८६४मध्ये अमेरिकी सैन्यानं त्यांना शेकडो किलोमीटर पायी हाकलत नेलं. १८६८च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले. आज 'नवाहो नेशन'चं क्षेत्रफळ सत्तर हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भाग. स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस. १९५८पासून या दरीचं उद्यानही तेच चालवतात.

भाड्याचे 'इंडियन'

दरीत शिरणारा कच्चा रस्ता २७ किलोमीटरचा. आमची गाइड नवाहो होती, पन्नाशीची. जीप हाकता हाकता एकेका सुळक्याची ओळख करून देत होती. एका कड्याचं नाव ऐकून मी चमकले. 'जॉन फोर्ड पॉइंट'! हजारो वर्षांच्या खडकाला हॉलिवूडच्या दिग्दर्शकाचं नाव?

त्याची कथा अशी. १९२०च्या दशकात हॅरी गोल्डिंग नावाचा गोरा व्यापारी इथे येऊन राहिला. मंदीच्या काळात या भागाचे हाल झाले, तेव्हा १९३८मध्ये तो दरीचे फोटो घेऊन हॉलिवूडला गेला. जॉन फोर्डला जागा आवडली आणि १९३९मध्ये 'स्टेजकोच' पडद्यावर आला. जॉन वेन त्यातून मोठा तारा झाला. मग १९६४पर्यंत फोर्ड पुन्हा पुन्हा इथे येत राहिला.

या चित्रपटांत नवाहोंना काम मिळालं, पैसाही मिळाला. पण ते पडद्यावर नवाहो कधी होते? 'स्टेजकोच'मध्ये ते झाले अपाची, 'द सर्चर्स'मध्ये कोमांची, 'शायेन ऑटम'मध्ये शायेन. वेगवेगळ्या भाषांच्या, वेगवेगळ्या मुलखांच्या या जमाती. पण प्रेक्षकाच्या लेखी सगळे एकच: घोड्यावरून किंचाळत येणारे आणि गोळी लागून पडणारे.

लहानपणी आम्ही भावंडं असले सिनेमे बघायचो, तेव्हा टाळ्या काऊबॉयसाठीच वाजवायचो. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. पण २००९चा 'रील इंजन' हा माहितीपट पाहिला आणि घास घशात अडकला. कॅनडातल्या क्री जमातीच्या नील डायमंडनं दोन सहकाऱ्यांसोबत तो दिग्दर्शित केला आहे. तो सांगतो, लहानपणी आपल्या गावात तोही काऊबॉयच्या बाजूनं ओरडायचा. पडद्यावर मरणारे 'इंडियन' म्हणजे आपणच, हे त्या पोरांच्या ध्यानातही आलं नव्हतं! याच माहितीपटात एक गंमतही आहे. एका जुन्या चित्रपटातला नवाहो संवाद भाषांतरासह दाखवला आहे. गंभीर चेहऱ्यानं उभा असलेला कलाकार समोरच्या गोऱ्या अधिकाऱ्याला चक्क शिव्या हासडतोय. भाषा कोणाला कळत होती?

आपल्याला हसू येतं, पण आपल्याकडे तरी काय होतं? डोक्यात पिसं खोवून हीरोभोवती फेर धरणारे हिंदी सिनेमातले आदिवासी कोणत्या जमातीचे, कोणत्या गावचे, हे आपण कधी विचारलं?

म्हाताऱ्याचा प्रश्न

आता १९६६ची एक गोष्ट ऐका. सोल वर्थ आणि जॉन अडेर हे दोन अभ्यासक नवाहो मुलखातल्या पाइन स्प्रिंग्जला गेले. नवाहोंच्याच हातात कॅमेरा दिला तर ते काय टिपतील, हे त्यांना बघायचं होतं. परवानगीसाठी ते गावातल्या एका वयस्क वैद्याकडे गेले. त्यानं विचारलं, सिनेमा काढल्यानं मेंढ्यांना काही इजा होईल का? नाही, होणार नाही. मग मेंढ्यांचं काही भलं होईल? नाही, तेही नाही. मग काढायचा कशाला, म्हातारा म्हणाला.

किती साधा प्रश्न! आणि तोवर तिथे आलेल्या एकाही कॅमेऱ्यानं तो स्वतःला विचारला नव्हता.

परवानगी मात्र मिळाली आणि छोटे छोटे चित्रपट तयार झाले. गालिचा विणणाऱ्या बाईवरच्या चित्रपटात प्रत्यक्ष विणकाम थोडंच आहे. लोकर काढणं, रंगासाठी झाडपाला गोळा करणं आणि चालणं, चालणं, चालणं! बाहेरच्यांना दिसतो गालिचा. त्यांच्या लेखी गालिचा म्हणजे ती सगळी पायपीट.

पण कॅमेरा आपल्या माणसाच्या हातात आला म्हणजे सगळं सुरळीत होतं, असंही नाही. आर्लीन बोमन ही नवाहो मुलगी लॉस एंजेलिसला चित्रपट शिकली आणि आजीवर माहितीपट करायला गावी आली. तिला नवाहो भाषा येत नव्हती. आजीनं चित्रीकरणाला साफ नकार दिला. १९८६चा 'नवाहो टॉकिंग पिक्चर' हा त्या नकाराचाच माहितीपट आहे. शहरात वाढलेल्या नातीला आपण या अंगणातल्या की पाहुण्या, हा प्रश्न त्या दारात पडतो. परदेशात किंवा परप्रांतात वाढलेल्या कितीतरी मराठी नातवंडांना तो ओळखीचा वाटेल.

परत आलेला भाऊ

मग मेंढ्यांचं भलं कधीच झालं नाही का? झालं, आणि तेही याच दरीत. इथलं क्लाय कुटुंब अनेक वर्षं पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर झळकत होतं. १९५०च्या दशकात शिकागोच्या एका गृहस्थानं त्यांच्यावर मूकपट काढला. त्याच कुटुंबातलं जॉन वेन नाव ठेवलेलं बाळ आई वारल्यावर गोऱ्या मिशनऱ्यांनी नेलं, ते परत आलंच नाही. १९९७मध्ये त्या गृहस्थांचा मुलगा जुनी फिल्म घेऊन दरीत आला. पडद्यावर आपली आजी, आपले आईबाप हलताना पाहून घरची माणसं रडली. वर्तमानपत्रात बातमी आली. ती न्यू मेक्सिकोत राहणाऱ्या एका मध्यमवयीन माणसानं वाचली. तोच तो हरवलेला भाऊ!

जेफ स्पिट्झ यांचा 'द रिटर्न ऑफ नवाहो बॉय' हा २०००चा माहितीपट या भेटीची हकिगत सांगतो. शिवाय पोस्टकार्डांनी लपवलेलं आणखी एक सत्य सांगतो. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो भूमीतून जवळजवळ तीन कोटी टन युरेनियमचं खनिज उपसलं गेलं. खाणीतले दगड घरांसाठी वापरले गेले. क्लाय कुटुंबाच्या एका होगानमध्ये, म्हणजे पारंपरिक गोल घरात, किरणोत्सर्ग आढळला. २००१मध्ये सरकारनं ते घर पाडलं. २००५मध्ये नवाहो नेशननं आपल्या भूमीत युरेनियमच्या खाणकामावर बंदी घातली.

विचारून काढलेला फोटो

जाणार असाल तर वसंत किंवा शरद ऋतूत जा. भर उन्हाळ्यात ऊन भाजून काढतं. मुख्य रस्त्यापलीकडच्या भागात नवाहो गाइडशिवाय जाता येत नाही. नवाहो मुलखात दारूला बंदी आहे. खायला मटणाचा रस्सा आणि तळलेली जाड पुरीसारखी फ्राय ब्रेड मिळते. सरकारी शिध्यातल्या पिठातून ती जन्मली, हे ध्यानात ठेवून खा.

शेवटी गाइड आम्हाला एका होगानमध्ये घेऊन गेली. दार पूर्वेला. आत एक आजी मागावर बसलेली. माझा हात सवयीनं कॅमेऱ्याकडे गेला. गाइडनं हळूच दंडाला धरलं, आधी विचारायला सांगितलं. मी ओशाळले. विचारलं. आजीनं मान डोलावली, पण तिनंही गाइडमार्फत मला काही विचारलं: फोटो कुठे छापणार? त्याखाली काय लिहिणार? मला पाठवशील का?

इतक्या वर्षांत कितीतरी जणांचे फोटो काढले, कितीतरी छापले. हे तीन प्रश्न मला कोणी विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

गाइडच्या पोस्टाच्या पेटीचा नंबर वहीत लिहून आणलाय. हा अंक हातात आला की पहिली प्रत तिकडे जाईल.