भरीला पाऊस खाऊ दे

लोकांच्या घरी फरशीकाम करण्यात माझं आयुष्य गेलं. पण माझ्या हातून सगळ्यात जास्त बिघडलेलं अंगण माझ्याच घरचं आहे, राजापूर तालुक्यातल्या गावी.

धाकट्या बहिणीचं लग्न मेअखेरीस ठरलं होतं. शेणाने सारवलेल्या अंगणात शहाबादी फरशी घालायची, असं मी ठरवलं. अंगण २४ फूट बाय १६ फूट, म्हणजे दोन बाय दोनच्या ९६ फरश्या. मशीनवर घासलेल्या, आरशासारख्या.

अंगणाचा एक कोपरा सखल होता. तिथे शोषखड्ड्यातून निघालेली माती टाकून दीड फुटाची भर करायची होती. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे काम करणारे गवंडीकाका म्हणाले, “या भरीला यंदाचा पाऊस खाऊ दे. फरशी दिवाळीनंतर घालू.” मला लग्नाचा मांडव दिसत होता. मी माती एकदम ओतली, पाणी मारलं आणि दोन गड्यांकडून एक संध्याकाळ धुमस मारून घेतली. धुमसाचा मार वरच्या चार-सहा इंचांखाली पोचत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

दोरी लावताना काकांनी गडग्याच्या बाजूला तीन इंच उतार धरला. पंगतीचे पाट तिरके होतील म्हणून मी दोरी उचलून पाणसळीत आणली. काकांनी थापी खाली ठेवली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता कामाला लागले. ती नजर मी विसरलेलो नाही. पुढे वेळ वाचवायला फरशीखाली सलग माल पसरण्याऐवजी चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवायलाही मीच सांगितलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी सिमेंटचे डाग काढायला मी अ‍ॅसिड ओतलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. तो फसफसला. डाग गेले, पण तकाकीही गेली आणि पांढरट चट्टे कायमचे राहिले.

लग्न नीट पार पडलं. मग जून आला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पागोळ्यांचं पाणी सपाट अंगणात तुंबलं आणि जोत्याशी येऊन भिंतीत चढलं. भरीचा कोपरा खचला. पाऊल पडलं की पोकळ फरशी डुलायची आणि सांध्यातून गढूळ पाणी उडायचं.

जुलैत एका पहाटे आई तुळशीकडे जाताना त्या गुळगुळीत, ओल्या फरशीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पुढे तिला भाकरी थापता आली नाही. तिने मला कधी दोष दिला नाही. मीही पुष्कळ दिवस ‘यंदा पाऊसच फार झाला’ असं सगळ्यांना सांगत राहिलो. पाऊस नेहमीएवढाच होता.

जानेवारीत सगळं उखडलं. ९६ पैकी ३१ फरश्या फुटल्या. मोकळी माती काढून मुरुमाचे चार-चार इंचांचे थर दिले. प्रत्येक थर भिजवून, धुमसाचा आवाज टणक येईपर्यंत चोपला. वर खडी, त्यावर सलग माल. नव्या फरश्या न घासलेल्या घेतल्या आणि जुन्यांना टाकी लावून पाय धरेल एवढं खरखरीत केलं. दोरी काकांनी धरली, १६ फुटांत तीन इंच. काम झाल्यावर आम्ही दोघांनी एकेक फरशी काठीने ठोकून तिचा आवाज ऐकला. पोकळ वाजलेल्या चार पुन्हा काढून बसवल्या. खर्च पहिल्या वेळेहून जास्त झाला. वाचवलेले दिवस केव्हाच गेले होते.

पुढच्या जूनमध्ये पहिली मोठी सर आली तेव्हा मी पडवीत उभा होतो. अंगणातलं पाणी न थांबता गडग्याकडे निघून गेलं. आई दारात उभी राहून ते बघत होती.

आता एप्रिल-मेमध्ये कुणी अंगणाचं काम घेऊन आलं, तर मी दर सांगण्याआधी एवढंच विचारतो, ‘गेल्या पावसात पाणी कुठे साचलं होतं? भर किती जुनी आहे?’ भर ताजी असेल, तर ते काम मी दिवाळीनंतरच घेतो.